माता लिहिलेली झोपडी

भाचेसुना आणि त्यांची मुलं विचारतात, आत्या, तुम्ही भिलाईत आल्या तेव्हा इथं काय होतं? त्यांना वाटतं, मी पहिली भट्टी पेटली ते सांगेन, रशियन मडमा बाजारात वांगी निवडून घ्यायच्या ते सांगेन. मी म्हणते, धूळ होती, दुसरं काय असणार! पोरं हसतात आणि हिंदीत आपापलं बोलायला लागतात. खरं म्हणजे मला त्या दिवसांतली एक पोरगी आठवते. चार वर्षांची होती. ती मेली, आणि ती मरायला नको होती. अशा लेकरांपर्यंत वेळेत पोचायचं, एवढंच माझं काम होतं आणि तेवढंच मी केलं नाही. घरात हे कोणालाच ठाऊक नाही. आता सांगायला तोंड होत नाही, म्हणून लिहिते आहे.

आम्ही भंडारा जिल्ह्यातले, धानाच्या शेतीवर जगणारे. लग्नानंतर दोन वर्षांत मी विधवा होऊन माहेरी आले, तेव्हा दादा, माझा मोठा भाऊ, म्हणाला, "रडून काय होते? शिक काहीतरी." मी नागपूरला जाऊन नर्सबाईचं काम शिकले. तोवर दादाला भिलाईच्या कारखान्यात फिटरची नोकरी लागली होती. तो वहिनीला आणि मला घेऊन आला आणि दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आमचा संसार सुरू झाला. कारखाना एकीकडे चालू झाला होता, दुसरीकडे बांधकाम संपता संपत नव्हतं. सेक्टर सहाच्या भिंती तेव्हा कमरेएवढ्या आल्या होत्या. बांधकामावरच्या मजुरांच्या एका छावणीत लहानसा दवाखाना होता, तिथं मला काम मिळालं.

माझी जीभ तिखट. आजही आहे, तेव्हा तर विचारू नका. पांढरं लुगडं, हातात पिशवी, आणि चालणं असं की जणू सगळी छावणी मीच वसवली आहे. विधवा बाईला गावात कोणी विचारत नाही. इथं माणसं मला पाहून खाटेवरून उठत. ते डोक्यात गेलं होतं थोडं, खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी थंडी सरता सरता छावण्यांमध्ये एक ताप आला. लोक त्याला गर्दनतोड बुखार म्हणत. सकाळी माणूस तापानं फणफणायचा, डोकं धरून ओकायचा, आणि संध्याकाळपर्यंत त्याची मान लाकडासारखी ताठ होऊन शुद्ध हरपायची. आमचे डॉक्टर नागपूरकडचे होते, बोलायला कमी आणि चिडायला त्याहून कमी. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "बाई, हे जंतू घशात राहतात तोवर काही करत नाहीत. रक्तात शिरले की मेंदूच्या आवरणापर्यंत जातात. पहिल्या दिवशी सापडला तर सुईनं माणूस वाचतो. दुसऱ्या दिवशी नशिबावर. आणि एक सापडला की आजूबाजूच्या चार झोपड्यांत आणखी कोणीतरी असतो. आपण मोजणी नाही करून राहिलो. आपल्याले आधी पोचायचं आहे."

त्यासाठी एक वही केली होती. प्रत्येक झोपडीच्या ताटीवर डांबरानं नंबर टाकलेला असे. मी रोज सकाळी ओळीनं फिरायची आणि प्रत्येक नंबरापुढे लिहायची: ताप आहे का, उलटी आहे का, मान वाकते का, अंगावर डाग आहेत का. डाग जांभळे असले आणि बोटानं दाबूनही गेले नाहीत तर पुढं काही विचारायचं नाही, माणूस उचलायचा आणि दवाखान्यात आणायचा. डॉक्टरांनी मलाच या कामावर का घेतलं, तेही सांगितलं होतं. कंपाउंडर पुरुष. तो बायामाणसांच्या झोपडीत शिरू शकत नव्हता, मी शिरू शकत होते.

वहीत शेवटचा एक रकाना होता, "माता" म्हणून. कांजिण्या, गोवर, देवी, जे काही अंगावर उठे त्याला लोक माताच म्हणत. ते काम लस टोचणाऱ्या गृहस्थांचं. मी फक्त त्या रकान्यात खूण करायची. आठवड्यातून एकदा ते येत आणि खुणेप्रमाणे घरं पाहत. एका खुणेनं घर माझ्याकडून त्यांच्याकडे जायचं.

सुरुवातीला मी खूप माणसं वाचवली. म्हणजे सुया डॉक्टरांनी दिल्या, पण शोधून मी आणली. एका गवंड्याला तर त्याच्याच भावांशी भांडून बैलगाडीत घालून आणलं होतं, तो चालत परत गेला. छावणीत माझं नाव पडलं, गर्दनवाली बाई. मी दिसले की पोरं आपण होऊन हनुवटी छातीला लावून उभी राहत, म्हणजे बाईनं पाहावं आणि पुढं जावं. आणि ही जी पोरगी, ती हनुवटी छातीला चिकटवून तशीच चालत यायची, समोरचं काही दिसायचं नाही, आणि माझ्या पोटावर येऊन आदळायची. मी रागावायची. ती खिदळायची. मला मूल झालं नव्हतं. त्या आदळण्यासाठी मी रोज त्या ओळीतून जरा सावकाश जायची.

तिची आई रेजा होती, म्हणजे बांधकामावर विटा-गारा वाहणारी मजूर बाई. माझ्याच वयाची, छत्तीसगढी. नवरा नंदिनीला चुन्याच्या दगडाच्या खाणीत होता, रविवारी यायचा. ती तिच्या बोलीत बोलायची, मी माझ्या नागपुरीत, आणि आमचं कुठं काही अडलं नाही. काळा चहा करून द्यायची. मी म्हणायची, "रोज कावून देतेस वं? साखर महाग आहे." ती म्हणायची, "पी ले न बाई." छावणीत मी कोणाच्या घरी बसून काही प्यायले असेन तर तिच्याच.

चैत्र लागला होता. एका मंगळवारी सकाळी मी त्या ओळीत आले, तर तिच्या दाराला निंबाची डहाळी बांधलेली. उंबऱ्याशी हळदीच्या पाण्याचा तांब्या. आमच्याकडे गावातही अगदी असंच असतं. माता घरात आली की दाराला निंब लागतो. मग त्या घरात फोडणी द्यायची नाही, केस विंचरायचे नाहीत, औषधाचं नाव काढायचं नाही. बाहेरच्यानं आत पाऊल टाकायचं नाही, आणि ज्याच्या अंगात माता आहे त्याच्याकडे टक लावून पाहायचं नाही. माझ्या धाकट्या भावाला माता आली होती तेव्हा आईनं मलासुद्धा नऊ दिवस शेजारी ठेवलं होतं. हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं, ते हाडातच होतं.

मी चपला काढल्या. हात जोडले. खाली पाहत म्हटलं, "माय, सुखानं आलीस, सुखानं जा."

ती दारातच उभी होती, पोरगी खांद्यावर, लुगड्याच्या पदरात पूर्ण गुंडाळलेली. मी पोरीकडे पाहिलं नाही. पाहायचं नसतं. पण माझी सवय कुठं जाते! मी तिच्यावर डाफरलेच. "अवं, मातेच्या अंगानं पोरीले बाहेर कावून आणलं? वारं लागन. आत ने."

ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि आत गेली. मी वहीत माता लिहिलं आणि पुढच्या नंबराकडे वळले. दाक्षिणात्य नर्स असती, रशियन डॉक्टरीणबाई असती, तर ती निंब बाजूला सारून आत शिरली असती. तिला डहाळीचा अर्थच कळला नसता. मला कळत होता.

बुधवारी मी त्या घरावरून हात जोडूनच गेले. गुरुवारी दुपारी शेजारच्या बायांनी पोरीला दवाखान्यात आणून टाकलं, कारण तिला झटके येत होते. मी तिच्या अंगावरचं फडकं काढलं. पाय, पोट, पाठ, सगळीकडे जांभळे डाग. मी बोट दाबलं. डाग गेला नाही. मी दुसऱ्या डागावर दाबलं, मग तिसऱ्या. डॉक्टर म्हणाले, "बाई, पुरे." त्यांनी सुई दिली, पाठीतून पाणी काढलं, ते गढूळ आलं. मी तिच्या मानेखाली हात घातला. मान वाकली नाही. ऊन उतरायच्या आत ती गेली.

डॉक्टरांनी वही मागितली. मंगळवारची ओळ काढली, त्यावर बोट ठेवलं.

"डाग पाहिले होते?"

"नाही."

"मान?"

"नाही साहेब. निंब होता दाराला."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नागपूरकडचे होते, निंब म्हणजे काय हे त्यांना मी समजवायची गरज नव्हती. वही मिटून म्हणाले, "त्या ओळीतल्या सगळ्या घरांना सल्फाच्या गोळ्या द्या. आणि त्या बायांना स्पष्ट सांगा, माता नव्हती, गर्दनतोड होता. पोरीच्या आईपासून सुरुवात करा. हे सांगितल्याशिवाय कोणी गोळी गिळणार नाही, मातेत औषध घेत नाहीत."

तिसऱ्या दिवशीचं न्हाणं झाल्यावर मी तिच्याकडे गेले. दोन रात्री झोप नव्हती. दादा विचारत होता, "तू कावून चूप आहे?" मी त्याला डोकं दुखतं म्हणून सांगितलं होतं. ठरवून गेले होते की पाय धरीन आणि सांगीन, माझ्यामुळं गेली.

नवरा बाहेर दगडावर बसला होता. ती आत भिंतीला टेकून. मला पाहून सरकली, जागा केली. मी बसले. मी काही सांगायच्या आत तीच बोलायला लागली. म्हणाली, "मैं तो ओ दिन तोरेच दवाखाना जात रहेंव, बाई."

मंगळवारी ती माझ्याच दवाखान्यात यायला निघाली होती. शेजारणींनी निंब बांधला होता, माता आहे म्हणाल्या होत्या, पण हिला पटत नव्हतं. पोरगी मान हलवू देत नव्हती. गर्दनवाली बाई मानेचंच विचारते, हे तिला माहीत होतं. म्हणून रीत मोडून पोरीला पदरात गुंडाळून दाराबाहेर पाऊल टाकलं होतं. तेवढ्यात मीच समोर आले, चपला काढल्या, हात जोडले आणि म्हणाले, आत ने.

हे तिनं मला दोष द्यायला सांगितलं नाही. उलट होतं. ती म्हणाली, तू हात जोडलेस म्हणून मला कळलं की माताच आहे. तू शिकलेली, तू जाणतीस. नाहीतर मी जन्मभर जळत राहिले असते की नेलं का नाही. मग तिनं माझा हात धरला आणि विचारलं, "माताच रहिस न, बाई?"

सांगायची वेळ होती ती. डॉक्टरांचा हुकूम होता. माझ्या पिशवीत गोळ्या होत्या. तिचा हात चुन्यानं फाटलेला होता, आणि तो माझा हात असा धरून होता की त्यातून मी सुटले तर ती खाली पडेल.

मी म्हटलं, "हो."

तिच्यावर दया आली म्हणून म्हटलं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावलं. दया आली होती, खोटं नाही. पण त्याहून जास्त मी भ्याले होते. तिच्या डोळ्यांत मी जाणती होते, आणि ते मला सोडवेना.

ओळीतल्या घरांना मी गोळ्या वाटल्या. कसल्या विचारलं तर ताकदीच्या म्हणून सांगितलं. डॉक्टरांना सांगितलं, हो साहेब, सगळ्यांना सांगितलं.

सहा-सात दिवसांनी तिच्या शेजारच्या झोपडीला निंब लागला. मी दुरूनच पाहिला. त्या घरात दीड वर्षाचं लेकरू होतं. या वेळी मी थांबले नाही. चपला काढल्या, हात जोडले, आणि सरळ आत जायला निघाले. लेकराची आई दोन्ही हात पसरून दारात आडवी झाली. "भीतरी झन आ, बाई!" मी म्हटलं, बाजूला हो, मला मान पाहू दे. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, मातेला हात लावशील तर माझं लेकरू घेऊन जाईल ती. ओळीतल्या बाया जमल्या. मी विचारलं, गोळ्या दिल्या होत्या, कोणी खाल्ल्या?  एकीनं सांगितलं, गोळ्या नाल्यात टाकल्या. मातेत औषध कोण खातं? बाईनंच तर म्हटलं ना, माता होती म्हणून.

आणि तिनं त्या पोरीच्या आईकडे बोट केलं. ती आपल्या दारात उभी होती. तिनंच सगळ्यांना सांगितलं होतं. मोठ्या समाधानानं सांगितलं असणार.

आतून लेकराच्या कण्हण्याचा आवाज येत होता. दारातल्या बाईला ढकलून मी आत गेले असते, तरी लेकरू दवाखान्यापर्यंत त्यांनी मला नेऊ दिलं नसतं. एकच गोष्ट उरली होती. ती मला गेलेल्या पोरीच्या आईसमोर म्हणावी लागणार होती. मी तिच्याकडे पाहिलं. तीही माझ्याकडेच पाहत होती.

मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "माता नव्हती. गर्दनतोड होता. मी पोरीला पाहिलंच नाही. मी बाहेरूनच हात जोडले आणि माता म्हणून लिहिलं. त्या दिवशी दवाखान्यात आणली असती तर ती वाचली असती. हिच्याशी मी खोटं बोलले."

 मला वाटलं, ती धावून येईल, माझ्या तोंडावर थुंकेल. मी त्यासाठी उभीच होते. ती आली, पण माझ्याकडे नाही. शेजारणीच्या पसरलेल्या हाताखालून वाकून ती आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा लेकरू तिच्या खांद्यावर होतं, पदरात गुंडाळलेलं. त्याची आई ओरडली. तिनं ऐकलं नाही. दवाखान्याच्या वाटेला लागली. आधी चालत होती, मग पळायला लागली. मी मागं पळत होते, माझ्या चपला तिथंच राहिल्या. मला तिला गाठता आलं नाही.

डॉक्टरांनी लेकराला ताबडतोब सुई दिली. मी सगळं त्यांना तिथंच सांगितलं, गोळ्यांचंही. त्यांनी फक्त मान हलवली आणि कामाला लागले. संध्याकाळपर्यंत त्या ओळीतल्या प्रत्येक बाईनं आमच्या समोर गोळी गिळली. पुढची कित्येक वर्षं मी हेच काम केलं. निंब दिसला की हात जोडायची आणि आत जायची. पण त्यानं मागचं काही फिटत नाही.

लेकरू वाचलं. तीन दिवस ते दवाखान्यात होतं आणि तिन्ही दिवस पोरीची आई कामावर न जाता खाटेशी बसून होती. चौथ्या दिवशी लेकरू मान वाकवून दूध प्यायलं. तेव्हा तिनं उठून पदर झटकला, ते त्याच्या आईच्या मांडीवर दिलं आणि गेली. त्या आठवड्यात नवरा-बायको गावी निघून गेली. त्या तीन दिवसांत मी तिला पाणी विचारलं, चहा विचारला, एकदा नुसतं "बहिणी" म्हणून हाक मारली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.